काळाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपली जुनी माणसे म्हणत आली. या म्हणीला आता एक जोड द्यावी असे आम्हांस वाटू लागले आहे. काळाचे सोंगही आणता येत नाही. आणि जो ते आणू पाहतो, तो स्वतःपेक्षा आपल्या नातवंडांनाच अधिक फसवतो.

असे म्हणण्यास कारण घडले आहे. गेल्या काही वर्षांत एक नवी हौस शहरांतून निघून आमच्या कडेगावासारख्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीतला मावळा, लग्नापूर्वीच्या चित्रणासाठी पेशवाई थाटात नटलेले जोडपे, तीन जानेवारीला सावित्रीबाई झालेली शाळकरी मुलगी, पंधरा ऑगस्टला धोतर-टोपी घालून उभा राहिलेला तरुण, या सर्वांना कॅमेऱ्यापुढे उभे करायचे. मग त्या छायाचित्रातले रंग काढून त्याला तपकिरी छटा द्यायची, कडा विटवायच्या, मधोमध घडीची एक चीर पाडायची, कोपऱ्यावर ओलीचा डाग उमटवायचा आणि ‘अगदी शंभर वर्षांपूर्वीचा वाटतो की नाही?’ असे विचारीत ते चार लोकांत फिरवायचे. पूर्वी याला निदान एखाद्या कसबी छायाचित्रकाराची गरज लागे. आता हातातला मोबाइल हे काम अर्ध्या मिनिटात करतो; वेषभूषेचीसुद्धा गरज उरलेली नाही.

आमची भूमिका आरंभीच स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. वेष घालण्याला आमचा विरोध नाही. इतिहासातली माणसे अंगावर घेऊन पाहण्यालाही विरोध नाही. विरोध आहे तो छायाचित्राला खोटे वय चिकटवण्याला, आणि तेही त्याखाली तारीख व नाव न लिहिता.

सोंग ही आपल्या संस्कृतीतली प्रतिष्ठित गोष्ट आहे. बहुरूपी दारात येतो तो फौजदार होऊन. दटावतो, वॉरंट काढतो, घरातल्या म्हाताऱ्याला अटक करण्याची भाषा बोलतो. पोरे घाबरून आईच्या पदराआड जातात. पण शेवटी तो हसतो, आपण बहुरूपी असल्याचे सांगतो आणि मूठभर धान्य किंवा चार पैसे मागतो. सोंग उतरवणे हा त्याच्या कलेचा अर्धा भाग आहे. जो सोंग उतरवीतच नाही त्याला बहुरूपी म्हणत नाहीत, तोतया म्हणतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

कडेगावचेच उदाहरण घ्या. मोहरमचे येथील उंचच उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी पाहण्यासाठी लांबलांबून माणसे येतात. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्या सोहळ्याला खांदा देतात. ताबूत म्हणजे इ. स. ६८० मध्ये करबला येथे मारले गेलेले इमाम हुसेन यांच्या समाधीची प्रतिकृती. बांबू आणि रंगीत कागद यांतून उभी राहणारी. ती पाहून कोणाचाही ऊर भरून येतो. पण हीच करबलाची मूळ वास्तू असे कडेगावातले लहान मूलही म्हणणार नाही. आपल्या ख्रिस्तसभेतही तेच. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो येथे गव्हाणी मांडून, बैल व गाढव उभे करून नाताळची रात्र जिवंत केली, तेव्हा जमलेल्या शेतकऱ्यांना आपण ग्रेच्चोलाच आहोत, बेथलेहेमात नाही, याचे पक्के भान होते. भक्तीला नक्कल चालते. भक्तीला बनावट चालत नाही. या दोन शब्दांतले अंतर जपावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आता, ज्या जुनेपणाची एवढी ओढ लागली आहे ते प्रत्यक्षात काय होते हेही पाहू. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन छायाचित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली. काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वीच धुवायची. पुढे ते चित्र अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर उतरवीत. सोन्याच्या क्षाराने त्याला जी छटा येई तीच आज ‘जुना रंग’ म्हणून ओळखली जाते. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्यात होते. म्हणजे ही कला आपल्याकडे उशिरा आली असे नाही.

या ओल्या काचेला निळा प्रकाश दिसे. तांबडा आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कपाळावरचे कुंकू काळे ठिक्कर उमटे, हळदीच्या रंगाचे लुगडे गडद होई आणि निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे पडे. आपल्या गव्हाळ वर्णाचे चेहरे होते त्याहून सावळे निघत. शिवाय चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी आकडा लावीत. आपल्या पणजोबांच्या चेहऱ्यावर जे करारी गांभीर्य दिसते त्यातले निम्मे त्या आकड्याचे आहे! ते हसत नसत असे नव्हे. हसू तेवढा वेळ टिकवून धरता येत नसे, इतकेच.

मोबाइलमधल्या तपकिरी रंगाला यातले काहीही ठाऊक नसते. तो कुंकू काळे करीत नाही, मान धरीत नाही, वेळ घेत नाही. तो केवळ मेलेल्या काळाचा लेप नव्या चेहऱ्यावर चढवतो. म्हणूनच ही हौस इतिहासाच्या प्रेमातून येते हे आम्हांस पटत नाही. इतिहासाचे प्रेम असते तर कुंकू काळे का पडले, असा प्रश्न मनात आला असता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ‘जुने छायाचित्रकार तरी कुठे हरिश्चंद्राचे अवतार होते? त्यांच्याकडेही रंगवलेले पडदे होते, उसने कोट होते, पुठ्ठ्याचे खांब होते.’ खरे आहे. विल्यम जॉन्सन या इंग्रजाने मुंबईतील जातिजमातींची छायाचित्रे १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांत माणसे एका जागी टिपली, कापून घेतली आणि वेगळ्याच देखाव्यावर बसवली. आपल्या घरातल्या जुन्या तसबिरीतही आजोबांच्या हाती असलेले पुस्तक त्यांना वाचता येत होते याची खात्री कोणी द्यावी? परंतु या आक्षेपाने आमचे म्हणणे ढासळत नाही, उलट बळकट होते. जॉन्सनची हातचलाखी आज आपण ओळखू शकतो, कारण त्याने नाव लिहिले, साल लिहिले, पुस्तक छापले. उसना कोट घातलेले आजोबासुद्धा आजोबाच होते. त्या दिवशी, त्या गावी, त्या स्टुडिओत ते खरोखर बसले होते. स्टुडिओचा शिक्का मागे आहे. छायाचित्रातले बाकी सारे खोटे असेल, पण ‘हा माणूस त्या वेळी येथे होता’ ही एक साक्ष खरी असते. नवी हौस नेमकी तीच एक साक्ष खोटी करते.

साक्ष खोटी झाली की काय होते, याचे दाखले लांब शोधायला नकोत. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून एक छायाचित्र सर्वत्र फिरत असते. ते १८५० साली हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने काढले, असे त्यासोबत सांगितले जाते. कलकत्त्याची जॉन्स्टन अँड हॉफमन ही पेढी मात्र १८८० नंतरची. आणि राणी १८५८ च्या जूनमध्ये धारातीर्थी पडल्या. तेव्हा छायाचित्रातली ती स्त्री कोण? कोणाची मुलगी, कोणाची आई? तिचे स्वतःचे नाव तर पुसले गेलेच. आणि राणीच्या नावावर एक परका चेहरा बसला. एका खोट्या ओळीने दोघींवर अन्याय केला.

दुसरा दाखला सौम्य आहे, आणि म्हणूनच विचारात पाडणारा. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली पडद्यावर आला. विष्णुपंत पागनीस त्यात तुकोबा झाले, आणि असे झाले की पुढे दिनदर्शिकांवर व देव्हाऱ्यांत तुकोबांची मुद्रा म्हणून पागनिसांचीच मुद्रा रुजली. चित्रपटकर्त्यांनी कोणालाही फसवले नव्हते. नटाचे नाव पडद्यावर होते. तरी काळाच्या ओघात नाव गळून पडले आणि चेहरा उरला. नाव लिहिलेले असताना जर हे होते, तर जेथे नाव न लिहिण्याचीच कला आहे तेथे काय होईल?

परंतु आपल्या कॅथलिक कुटुंबांनी ज्या घटनेवर विशेष चिंतन करावे, ती फ्रान्समधील आहे. लिझ्यूची संत तेरेजा, जिला आपण येशूचे छोटे फूल म्हणतो, तिचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. तिची बहीण सेलीन १८९४ च्या सप्टेंबरात त्याच कार्मेल मठात दाखल झाली ती कॅमेरा घेऊन. २१ जानेवारी १८९५ रोजी मठात तेरेजाने लिहिलेले जोन ऑफ आर्कच्या जीवनावरील नाटक झाले. जोनचे काम तेरेजाने स्वतः केले. त्याच वर्षी सेलीनने तिची त्या वेषात छायाचित्रे काढली: मोकळ्या केसांचा टोप, हाती बेड्या, तुरुंगातली जोन. एका चित्रात सेलीन स्वतः स्वर्गीय दर्शन देणाऱ्या संताच्या वेषात शेजारी उभी आहे. म्हणजे आज आपण ज्या हौसेची चर्चा करीत आहो ती एका संतानेही केली होती. निर्मळ मनाने केली. मठातल्या भगिनींच्या आनंदासाठी केली.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये लिओ ताक्सिल नावाचा एक लेखक दियाना व्हॉन या नावाच्या स्त्रीची कहाणी रंगवून सांगत होता. सैतानपूजकांच्या तावडीतून सुटून ही बाई श्रद्धेकडे वळली, असे तो छापीत असे. कित्येक धर्मगुरू आणि मठ त्यावर विश्वास ठेवून होते. लिझ्यूच्या मठातूनही या बाईला धीर देण्यासाठी तेरेजाचे ते जोनच्या वेषातले छायाचित्र पाठवले गेले, आणि आभाराचे पत्रही आले. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या सभागृहात ताक्सिलने जाहीर केले की दियाना व्हॉन नावाची अशी कोणी भाविक स्त्री नाहीच. ही सारी आपली थट्टा होती. त्या सभेत पडद्यावर कोणते चित्र दाखवले गेले? तेच. तेरेजा आणि सेलीन यांचे. ही बातमी मठात पोहोचली तेव्हा तेरेजा क्षयाने खंगत होती. तिने ते आभाराचे पत्र फाडले आणि बागेतल्या खताच्या ढिगावर टाकले. पाच महिन्यांनी, ३० सप्टेंबरला, ती वारली.

या कथेचा बोध वेष घालू नये असा नाही. बोध असा की छायाचित्र घरातून बाहेर पडले की ते काढणाऱ्याच्या हेतूला बांधील राहत नाही. हेतू सोबत जात नाही, कागद जातो.

तिच्या मृत्यूनंतरची गोष्टही सांगितली पाहिजे. सेलीन आपल्या बहिणीवर अतोनात प्रेम करणारी. तिने तेरेजाची छायाचित्रे कुंचल्याने हळुवार केली, त्यांवरून गोड चित्रे रंगवली, आणि जगभर तीच पसरली. सेलीनच्या मृत्यूनंतर, १९६१ साली मूळ छायाचित्रे हात न लावता प्रसिद्ध झाली, तेव्हा लोकांना एक वेगळी तेरेजा भेटली: भक्कम हनुवटीची, थकलेल्या डोळ्यांची, अधिक खरी. खोटेपणा नेहमी वैऱ्याकडूनच येतो असे नाही. पुष्कळदा तो प्रेमातून येतो. म्हणून प्रेमावरही तारखेचा लगाम हवा.

आता पुन्हा आपल्या मातीकडे येऊ. कडेगावाशेजारच्या कुंडलने १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार पाहिले. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ ही नावे या भागात आजही आदराने घेतली जातात. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी तुफान सेनेने अडवली. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर सहकाऱ्याकडून मार खाण्याचे सोंग असे वठवले की पोलीस बाहेर धावले आणि साथीदारांनी आतली शस्त्रे नेली. हौसाताई २०२१ साली निवर्तल्या. त्यापूर्वी त्यांनी ती हकीकत आपल्या तोंडाने सांगितली आणि ती लिहून ठेवली गेली.

त्या प्रसंगांची छायाचित्रे नाहीत. असणार कशी? भूमिगत माणूस स्टुडिओत जाऊन पडद्यापुढे बसत नाही. स्वतःचा चेहरा पोलिसांच्या हाती देणे त्याला परवडणारे नव्हते. छायाचित्र नसणे हाच त्या लढ्याचा पुरावा आहे. उद्या चार उत्साही तरुण सागरेश्वरच्या डोंगरात धोतरे नेसून, हाती लाकडी बंदुका घेऊन उभे राहिले आणि त्यांचे तपकिरी, फाटक्या कडांचे चित्र ‘तुफान सेना, १९४३’ म्हणून फिरू लागले, तर आरंभी सारे हसतील. वीस वर्षांनी ते एखाद्या शाळेच्या भिंतीवर लागेल. चाळीस वर्षांनी एखादा नातू त्यात आपला आजोबा शोधील. ज्यांनी चेहरा लपवून देशाचे काम केले, त्यांना आपण भलताच चेहरा बहाल केलेला असेल. हा गौरव नव्हे.

हा केवळ तर्क नाही. आमच्या पाहण्यात एका धर्मग्रामाची महोत्सवी स्मरणिका आली. आरंभीच्या ख्रिस्ती कुटुंबांची छायाचित्रे मिळेनात, म्हणून आजच्या तरुण-तरुणींना जुने पोशाख घालून त्यांची तपकिरी चित्रे पहिल्या पानांवर छापली होती, आणि खाली ‘आमचे पूर्वज’ एवढेच दोन शब्द होते. एका वृद्ध भगिनीने ते पान डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘यातले आमचे मामंजी कुठले?’ तिला काय उत्तर द्यावे? त्या दोन शब्दांच्या जागी ‘पूर्वजांच्या वेषात आजची तरुण मंडळी’ हे शब्द आणि साल छापले असते, तर तीच पाने अभिमानाची ठरली असती. शाईचा खर्च काही वाढला नसता.

हे काम प्रामाणिकपणे करणारे कलावंत आहेत. बंगळूरच्या चित्रकर्ती पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी या छायाचित्रकार स्त्रीसह २००० ते २००४ या काळात जुन्या छायाचित्रांतल्या व चित्रांतल्या स्त्रिया स्वतःच्या देहावर उभ्या केल्या; पण त्यात पुष्पमालांचा चेहरा लपलेला नाही, नाव लपलेले नाही, आणि साहेबाने आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिले हा प्रश्न त्यांनी मुद्दाम विचारला आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाचे वेष घालून लढाया उभ्या करणारी मंडळी आहेत. त्यांची छायाचित्रे जुन्या ओल्या काचेच्याच रीतीने काढणारे कारागीरही आहेत. काळी बोटे करून घेतात, सेकंद मोजतात. त्यांचे जुनेपण कष्टाचे असते, मोबाइलचे नसते. आणि तेथेही जाणती माणसे सांगतात की पाटीवर आजची तारीख कोरा, नाहीतर ती उद्याच्या बाजारात जुनी म्हणून विकली जाईल.

तेव्हा आपल्या कुटुंबांना आमचे सांगणे असे. मुलांना मावळा करा, जिजाऊ करा, आजीचे लुगडे नातीला नेसवा आणि हौसेने छायाचित्र काढा. रंगीत काढा किंवा कृष्णधवल काढा. पण त्यावर फाटलेपण आणि डाग चढवू नका. कागदावर उतरवाल तर मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, तारीख आणि ‘अमुकच्या वेषात’ हे शब्द लिहा. बॉलपेनने लिहू नका, त्याची रेघ पुढे उमटते. मोबाइलवरून धाडाल तर हे शब्द चित्राच्या आतच लिहा, कारण सोबतचा मजकूर दुसऱ्याच दिवशी गळून पडतो.

आणि त्याहीपूर्वी घरातली पेटी उघडा. तीत खरी जुनी छायाचित्रे आहेत. वाळवी आणि दमट हवा त्यांची वाट पाहत आहेत. ती चिकटपट्टीने जोडू नका, प्लॅस्टिकच्या चिकट पानांत दाबू नका, उन्हात टांगू नका. प्रत्येक चित्र साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि त्याची एक प्रत काढून घ्या. मग घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा, हे कोण? ही कोण? उत्तरे लिहून ठेवा. त्या माणसाला आज जी नावे आठवतात ती पुढच्या नाताळला आठवतील याची शाश्वती नाही. खोटे जुने छायाचित्र केव्हाही बनवता येईल. खरे नाव मात्र आजच विचारावे लागेल.

खोटी साक्ष देऊ नकोस, ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. ती केवळ न्यायालयात उभे राहणाऱ्यांसाठी नाही. पुढच्या पिढीच्या हाती आपण जे जे ठेवतो ते सारे साक्षच आहे. तिच्यावर तारीख घालण्याइतका प्रामाणिकपणा आपल्या प्रत्येक घरात असावा.